विंडोज, लिनक्स की मॅक? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मायक्रोसॉफ्टचं विंडोज, ॲपलचं मॅक आणि फुकट मिळणारं लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे सिस्टिम; त्यातली कोणती घ्यावी यावरच इथं वाद असतो. दुकानात एक बाकडं आहे आणि सगळा घोळ त्या बाकड्यावर होतो. तिघं नेहमीचे. मोंढ्यातले एक आडतवाले शेठ, ज्यांनी विंडोजशिवाय दुसरं काही बघितलेलं नाही. एक प्राध्यापक, जे लिनक्सचे वारकरी आहेत आणि भेटेल त्याच्या गळ्यात माळ घालायला टपलेले असतात. तिसरा शेठचा पुतण्या, हिंजवडीला नोकरीला, दिवाळीला मॅकबुक घेऊन येतो आणि ते बाकड्यावर उघडून ठेवतो. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की तिघं तीन सल्ले देतात, आणि बिचारं गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघतं. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून इथं लिहून ठेवली.

एका शब्दात सांगा ना, चांगली सिस्टिम कोणती?

एका शब्दात सांगणारा एक तर विकणारा असतो, नाही तर भक्त. मी उलट दोन प्रश्न विचारतो. पहिला: कोणतं काम एक दिवस थांबलं तर तुमचं अडतं? शेठचं हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली थांबलं तर मोंढ्यात हिशोबाच्या पट्ट्या निघत नाहीत. पत्रिकावाल्याचं डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल थांबलं तर लग्नसराई हातची जाते. विद्यार्थ्याचं बहुतेक काहीच अडत नाही, मोबाइल असतो.

दुसरा प्रश्न: मशीन बिघडलं तर फोन कोणाला लावणार? पुण्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही, तिथं सगळेच मिळतात. जिंतूर, पाथरी, गंगाखेडला विंडोज टाकून देणारं पोरगं गल्लीगल्लीत आहे. लिनक्स जाणणाऱ्याला शोधावं लागतं. मॅक उघडायला तर मीही कचरतो, खोटं कशाला बोलू. या दोन प्रश्नांची उत्तरं आली की सिस्टिम आपोआप ठरते. बाकीचं सगळं बाकड्यावरचं भांडण.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. माझं मशीन तर चांगलं चाललंय. आता काय करू?

सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंद झालं म्हणजे मशीन बंद पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार संपवला. म्हणजे त्यात नवीन भगदाड सापडलं तर ते बुजवून मिळणार नाही. घराचं कुलूप तेच आहे, पण किल्लीची नक्कल बाजारात आली तर कुलूप बदलून देणारा आता येणार नाही. घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. हे आपल्याला पहिल्यांदा होत नाही. एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला गेलं, विंडोज ७ हे १४ जानेवारी २०२० ला. दोन्ही अजून कुठल्या ना कुठल्या कचेरीत चालू दिसतात आणि दोन्ही बघून माझ्या पोटात गोळा येतो.

मग ११ का टाकत नाही? कारण ११ ला अटी आहेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही अट सोपी आहे. अवघड अट टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा चिपची आणि प्रोसेसरच्या वयाची. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१६ साली हौसेनं घेतलेला आय-फाइव्ह, दिसायला तगडा, तरी दारातूनच परत. आडमार्गानं टाकता येतं, टाकून देणारेही आहेत. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही. मी तसं टाकून देतो तेव्हा गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगतो.

आता तीन वाटा उरतात. टॅली, कोरल, डिजिटल सही असलं काही अडत असेल तर ११ चालणारं मशीन घ्या, सेकंडहँड चालेल. काहीच अडत नसेल, म्हणजे ब्राउझर, यूट्यूब, फॉर्म भरणं, एखादं पत्र टाइप करणं एवढंच असेल, तर त्याच मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक सोपा प्रकार, टाकून देतो. २ जीबी रॅमवर ते सुरू होतं, ४ जीबी असलं की बऱ्यापैकी पळतं. मिंट २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तिसरी वाट म्हणजे तसंच चालू ठेवणं, पण नेट काढून. एका खतांच्या दुकानदाराचं बिलिंगचं मशीन असंच आहे, नेटची वायरच ठेवलेली नाही. चालतंय.

आणि कोणतीही वाट धरा, जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाका. निम्म्या लोकांना वाटतं विंडोज खराब आहे किंवा लिनक्स हळू आहे. खरा गुन्हेगार ती घुर्रर करणारी डिस्क असते.

लिनक्सवर टॅली चालतं का?

टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइन नावाच्या सोयीतून लिनक्सवर चालवणारे आहेत, प्राध्यापकांनी मला चालवून दाखवलंसुद्धा. पण मार्चअखेरीला रिटर्न भरायच्या रात्री ते अडकलं तर प्राध्यापक झोपलेले असणार. दूरच्या सर्व्हरवर टॅली ठेवून ब्राउझरमधून वापरायची सोयही आहे, तिला दरमहा भाडं पडतं आणि नेट गेलं की वहीच बंद. हिशोबाचं मशीन विंडोजच ठेवा. यावर मी वाद घालत नाही.

लग्नपत्रिका, फ्लेक्सचं काम?

तेही विंडोज. कोरल मॅकवरही आहे, पण आपल्याकडच्या डीटीपीवाल्याचा खजिना म्हणजे कोरलपेक्षा त्याचे जुने मराठी फॉन्ट आणि पंधरा वर्षांच्या गणपती-कलश-बोर्डरच्या फाइली. तो खजिना उचलून दुसऱ्या सिस्टिमवर नेताना निम्मा वाटेत सांडतो.

एक गंमत मात्र सांगतो, प्राध्यापकांची आवडती. कोरल कंपनीनं १९९९ साली स्वतःचं लिनक्स काढलं होतं आणि २००० साली कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी आणलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कोरलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर घातले, आणि पुढच्या वर्षी कोरलनं लिनक्सचा धंदा विकून टाकला. दोन्हीचा संबंध किती, हे प्राध्यापक आणि शेठ अजून ठरवतायत. ते लिनक्सवरचं कोरल टिकलं असतं तर आज परभणीच्या पत्रिका लिनक्सवर छापल्या गेल्या असत्या.

मराठी टायपिंग कशावर नीट होतं? माझी फाइल दुसरीकडं उघडली की कचरा दिसतो.

तुमची फाइल बिघडलेली नाही आणि सिस्टिमचाही दोष नाही. हा जुन्या फॉन्टचा वारसा आहे. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरला मराठी अक्षरं ठेवायला जागाच नव्हती, म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. मशीनच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करताय, फक्त डोळ्याला मराठी दिसतं. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा गळून पडतो आणि खालची इंग्रजी भेळ दिसते. प्रत्येक कंपनीची भेळ वेगळी, त्यामुळे एकीची फाइल दुसरीला वाचता येत नाही.

यावरचा उपाय युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्यातला देवनागरीचा आराखडा आपल्याच आयएससीआयआय या भारतीय मानकावर बेतलेला आहे. विंडोजमध्ये देवनागरी खऱ्या अर्थानं आली ती विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसह. आज विंडोज, लिनक्स, मॅक, मोबाइल, चारही ठिकाणी युनिकोड मराठी सारखंच उघडतं. म्हणून माझा हट्ट आहे की नवीन जे लिहाल ते युनिकोडमध्येच. जुनं असेल ते फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून घ्या आणि नंतर एकदा डोळ्यांनी वाचा. रफार आणि जोडाक्षरं तिथं हमखास घसरतात.

कीबोर्डचं म्हणाल तर इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी तिन्हीकडं आहे. ती एकदा हातात बसली की सिस्टिम बदलली तरी बोटं बदलत नाहीत, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. 'नमस्कार' इंग्रजीतून लिहून मराठी उमटवायची सोय विंडोजमध्ये २०१९ च्या मेच्या आवृत्तीपासून आतच दिलेली आहे, लिनक्सवर आयबस नावाचं सॉफ्टवेअर टाकून मिळते. टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची मांडणी, शिकलेल्यांना विंडोजवर सोपं जातं, लिनक्सवर खटपट करावी लागते. माझ्याकडं येणारे निवृत्त टंकलेखक मामा आहेत, त्यांना मी कधी लिनक्स सुचवलं नाही. त्यांच्या बोटांना चाळीस वर्षांची सवय आहे, ती माझ्या मतापेक्षा मोठी.

आता बारीक गोष्ट, पण मराठी माणसानं माहीत करून घ्यावी अशी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यातला फरक आपल्याला ठाऊक आहे, एकीकडं गुरू, दुसरीकडं स्वयंपाकी. तो अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एक म्हणजे खाली टिंब असलेल्या र ला हलन्त देऊन, दुसरी म्हणजे साध्या र ला हलन्त देऊन पुढं एक अदृश्य जोडखूण टाकून. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, मशीनला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून एका कीबोर्डवर लिहिलेलं 'दुसऱ्या' दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर सापडत नाही. एका पतसंस्थेत खातेदाराचं आडनाव दोन महिने 'गायब' होतं, ते असंच. विंडोजवाल्यानं लिनक्सला शिव्या घातल्या, लिनक्सवाल्यानं विंडोजला. दोष र चा होता.

आणि मराठी ल, मराठी श? हिंदी वळणाचे दिसत असतील तर फॉन्ट बदला, नाही तर मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडा. काही फॉन्ट भाषा बघूनच अक्षराचं वळण बदलतात. लिनक्सवर लोहित मराठी हा वेगळा फॉन्टच आहे.

लिनक्स फुकट कसं काय देतात? काहीतरी मेख असणारच.

शेठचा प्रश्न. फुकट वस्तूवर मोंढ्यातला माणूस विश्वास ठेवत नाही, आणि एरवी ते बरोबरच असतं.

१९८३ ला रिचर्ड स्टॉलमन यांनी सगळ्यांना उघडून बघता, बदलता, वाटता येईल अशी सिस्टिम बनवायची असं ठरवलं, तिचं नाव ग्नू. बरेच भाग तयार झाले, गाभा राहिला होता. २५ ऑगस्ट १९९१ ला फिनलंडमधल्या लिनस टॉर्वाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं की आपण हौस म्हणून एक सिस्टिम बनवतोय. त्या हौसेचा गाभा झाला. आज त्यावर पगारी माणसं काम करतात, इंटेल, गूगल, आयबीएमसारख्या कंपन्यांची, कारण त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत झाडून सगळे लिनक्सवर आहेत. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभाही तोच. विहीर गावकीची, उपसा सगळ्यांचा, गाळ काढायला मोठे शेतकरी माणसं लावतात, कारण त्यांचीच मोट सगळ्यात मोठी.

मेख आहे, ती वेगळ्या ठिकाणी. पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो. वेळ कोणाचा, एवढंच बघा.

आमच्याकडं सगळे विंडोज फुकटच टाकतात. तुम्हीच पैसे का मागता?

ते फुकट नाही, क्रॅक आहे. विंडोज खोटं चालू करणारं ते छोटं सॉफ्टवेअर टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि लोक करतात. दार उघडून बाजूला उभं राहायचं आणि मग चोरी झाली म्हणून ओरडायचं. पैसे नसतील तर मिंट टाकून घ्या, ते खरोखर फुकट आहे. मजुरी घेतो मी, ती घेणारच.

लिनक्सला व्हायरस लागत नाही, खरं का?

अर्धं खरं. पेनड्राइव्हमधून येणारे ते शॉर्टकट बनवणारे व्हायरस विंडोजसाठी लिहिलेले असतात, लिनक्सवर ते मेलेल्या झुरळासारखे उताणे पडतात. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेले पेनड्राइव्ह मी आधी लिनक्सच्याच मशीनला लावतो. पण 'लागतच नाही' म्हणणाऱ्याला २०२४ च्या मार्चची गोष्ट सांगावी. एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये जिथंतिथं वापरल्या जाणाऱ्या फाइल दाबायच्या साधनात कोणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यानं. दूरच्या मशीनमध्ये शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्याला संशय आला. अर्धा सेकंद! आमच्याकडं बँकेचं पासबुक छापायला अर्धा तास लागला तरी कोणाला संशय येत नाही.

विंडोजवाल्यांनीही फार हसू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभर फाइली कोंडून खंडणी मागितली. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, लोकांनी अपडेट केलं नव्हतं. आणि १९ जुलै २०२४ ला तर व्हायरसही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बंद पडली. आपल्याकडं विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी प्राध्यापक बाकड्यावर पेढे घेऊन आले होते. मला ते आवडलं नाही. पेढे खाल्ले.

मॅकवाले एवढा भाव का खातात?

कारण वस्तू चांगली आहे आणि महाग आहे, दोन्ही एकत्र आलं की माणूस भाव खातोच. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणल्यापासून बॅटरी खरंच दिवसभर चालते आणि मशीन तापत नाही. परभणीच्या मे महिन्यात, जिथं माणूस तापतो, तिथं ही थोडी गोष्ट नाही. आयफोनची ॲप बनवायची असतील तर मॅकशिवाय इलाज नाही, ती बनवायचं एक्सकोड दुसरीकडं चालत नाही.

पण बदल्यात काय देता ते बघा. रॅम आणि स्टोरेज घेताना जेवढं घ्याल तेवढंच, मॅकबुकमध्ये नंतर वाढवता येत नाही. एम१ पासूनच्या मशीनवर शेजारी विंडोज टाकायची जुनी बूट कॅम्पची सोय गेली. एम१ च्या आधीचे, इंटेल चिपवाले मॅक स्वस्तात मिळतायत म्हणून कोणी विकत घ्यायला निघालं असेल तर थांबा, मॅकओएस २६ ही त्यांची शेवटची आवृत्ती आहे. आणि कीबोर्डवर चहा सांडला तर परभणीत माझ्याकडं येऊ नका. हे मी पुतण्याला सांगितलं होतं. त्यानं चहा बाकड्यावरच ठेवला होता, मॅकबुकच्या शेजारी.

मुलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. कोणता लॅपटॉप?

शाखा कोणती? मेकॅनिकल, सिव्हिल असेल तर विंडोज, सॉलिडवर्क्स आणि स्टाडप्रो ही त्या शाखांची डिझाइनची सॉफ्टवेअर त्यावरच चालतात. कॉम्प्युटर असेल तरी विंडोजचाच घ्या, आणि त्यात डब्ल्यूएसएल चालू करून द्या. म्हणजे विंडोजच्या पोटात लिनक्स. २०१६ पासून ही सोय मायक्रोसॉफ्टच देतं. दोन्हीचा सराव होतो. १६ जीबी रॅम असावी, आठवर चार वर्षं निघत नाहीत.

कॉलेजात अजूनही निळ्या पडद्याचं टर्बो सी, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर, शिकवत असतील तर घाबरू नका, परीक्षेपुरतं शिकून घ्या. ते विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमच्या काळातलं आहे आणि आजच्या कोणत्याच सिस्टिमवर सरळ चालत नाही. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर त्याला सारखाच कुबड्यांचा आधार द्यावा लागतो. समानता म्हणतात ती हीच.

मुलगा असेल आणि 'अभ्यासासाठी' ग्राफिक कार्डाचा लॅपटॉप मागत असेल तर त्याला सांगा, काका लिनक्स टाकून देणार आहेत. व्हॅलोरंट हा गेम लिनक्सवर चालत नाही. चेहऱ्यावरून अभ्यास कोणता ते कळेल.

प्रिंटर चालेल ना?

विंडोजवर चालेल. लिनक्सवर, घेण्याआधी मॉडेल विचारा. एचपीचे बहुतेक चालतात, कंपनी स्वतः त्यासाठी सॉफ्टवेअर देते. पण आपल्याकडच्या दर दुसऱ्या कचेरीत दिसतो तो छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर, नाव घेत नाही, त्यानं माझे दोन रविवार खाल्लेत. लिनक्सवर एकदा छापतो आणि मग 'निघंना गेलंय हो' म्हणून फोन येतो. गंमत म्हणजे लिनक्स आणि मॅक दोघंही कागद छापतात ते कप्स नावाच्या एकाच यंत्रणेतून. ती ॲपलनं २००७ मध्ये विकत घेतली आणि तरी खुली ठेवली. वर भांडतात, खाली एकाच नळाचं पाणी.

सेतू केंद्र, ऑनलाइन फॉर्म, डिजिटल सही यासाठी?

नुसती वेबसाइट असेल तर कोणतीही सिस्टिम. अंगठ्याचं मशीन, सहीचं टोकन, असलं काही यूएसबीला लावायचं असेल तर विंडोज. त्यांचे ड्रायव्हर विंडोजसाठी हमखास मिळतात, बाकीच्यांसाठी शोधत बसावं लागतं, आणि दारात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग उभी असते.

सरकारचं स्वतःचं लिनक्स आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं २००७ मध्ये बॉस नावानं काढलं, डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेलं, भारतीय भाषांची सोय असलेलं. केरळात सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकवतात. तिथं शिक्षकांना आधी शिकवलं, मग मशीन बदलली. आपल्याकडं एका शाळेत मशीनवर लिनक्स आलं आणि शिक्षकांना कोणी सांगितलंच नाही. वर्षभर कापड झाकून ठेवलेलं होतं. मी विंडोज टाकून दिलं. प्राध्यापक माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

दोन्ही एकाच मशीनवर टाकता येतात का?

येतात. तीन गोष्टी सांभाळा.

आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा आणि त्याची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा. लिनक्स टाकताना काही हललं तर विंडोज ती मागतं, आणि नसेल तर फोटो, हिशोब, सगळं आत. मी काय, कोणीच काढून देऊ शकत नाही.

मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पुरतं झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं, आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

आणि घड्याळ. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात आणि साडेपाच तास मागं गेलात, तर मशीन बिघडलेलं नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं आहोत ना, त्याचा हा हिशोब. एक आज्ञा देऊन मिटतं.

पेनड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटला ठेवू?

एक्सफॅट. तिन्हीकडं वाचता येतो, लिहिता येतो. विंडोजचा एनटीएफएस मॅक नुसता वाचतो. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ गेला.

लाइट सारखी जाते. कोणती सिस्टिम टिकते?

यूपीएस टिकतो. विंडोज आणि लिनक्स दोन्हींच्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धती, असल्या झटक्यातून सावरायला बनवलेल्या आहेत, पण अपडेट चालू असताना वीज गेली तर कोणीही रडतं.

हे लोक एवढे भांडतात कशाला?

कंपन्या भांडल्या, म्हणून. ॲपलनं १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, की खिडक्यांचं दिसणं आमच्यावरून उचललं. खुद्द ॲपलनं बरीच कल्पना झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बघितली होती. ॲपल हरली. १९९७ मध्ये ॲपल बुडायला आली तेव्हा पंधरा कोटी डॉलर घालणारं कोण? मायक्रोसॉफ्ट. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटलं. २०१६ मध्ये तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली. म्हणजे वरच्यांचं सोयीनं जमतं. खाली कार्यकर्ते अजून एकमेकांची डोकी फोडतायत. आपल्याला हे नवीन आहे का? निवडणुकीच्या हंगामात बाकड्यावर यापेक्षा वेगळं काय चालतं?

पण मला वाटतं आणखी एक कारण आहे. माणसानं एक सिस्टिम शिकायला वर्षं घातलेली असतात. दुसरी चांगली आहे असं मान्य केलं तर ती वर्षं वाया गेली असं वाटतं. शेठ पंचावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकले, पोराकडून, शिव्या खात. त्यांना कोणी म्हणावं की विंडोज भिकार आहे, तर ते विंडोजसाठी चिडत नाहीत.

तुम्ही स्वतः काय वापरता?

काउंटरवर विंडोज, बिलिंगसाठी. मागच्या टेबलावर मिंट, मेलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो काढायला, त्या कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही. मॅक नाही. पुतण्या म्हणतो एकदा वापरून बघा. मी म्हणतो, ठेवून जा इथं.

मशीन दुकानात आणताना काय काय आणायचं?

चार्जर. पासवर्ड, आठवत असलेला. बिटलॉकरची किल्ली असेल तर तिचा कागद. टॅलीचा सिरियल नंबर. कोणते मराठी फॉन्ट वापरता त्यांची नावं, चिठ्ठीवर, कारण नंतर 'ते जाडं अक्षर होतं ते' असं सांगता आणि मला कळत नाही. विंडोज नवं टाकायचं असेल तर डेस्कटॉपवर काय ठेवलंय ते घरीच बघून या. आणि सकाळी अकराच्या आत या, त्यानंतर बाकडं भरतं.